धुरा

पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बांध म्हणतात, त्याला आमच्या वऱ्हाडात धुरा. घाटंजीच्या बाजारात चहाच्या टपरीवर कुणी "धुऱ्यावरून वाजलं" म्हणालं, की काय झालं हे विचारावं लागत नाही. कुणाकुणात, एवढंच विचारायचं.

शब्द जुना आहे. संस्कृतात धुर् म्हणजे जू, आणि कशाचाही पुढचा भाग, टोक. मराठीत गाडीची धुरा, कारभाराची धुरा या स्त्रीलिंगी. वावराचा धुरा तेवढा पुल्लिंगी. तो जुवावरून आला की टोकावरून? माझा कौल टोकाला. वावर संपतं, बैल वळवावे लागतात, तो धुरा.

भांडणही जुनंच. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमेच्या वादाचं अख्खं प्रकरण आहे. शिवेवर वड, पिंपळ, पळस, सावर लावा. आणि झाड तोडता येतं म्हणून जमिनीखाली हाडं, भुसा, राख, खापरं, कोळसे पुरून ठेवा. साक्षीदारानं तांबडी वस्त्रं नेसून, गळ्यात माळ घालून, डोक्यावर माती घेऊन शपथ घ्यायची. नियम मुख्यतः गावांच्या शिवेचे; शेत, विहीर, घर यांचा निकाल मात्र आजूबाजूच्यांच्या साक्षीवर सोडलाय. आणि वाद मिटवायचा कधी? ज्येष्ठात, खुणा उघड्या पडलेल्या असताना. हे वाचून मला हसू आलं. आमच्याकडेही पऱ्हाटी उपटून झाली, वावर मोकळं झालं, की मृगाच्या आधीच ऐकू येतं, "भाऊ, तुमचा वखर लय इकडं येऊन राह्यला!"

मराठी मुलखात गावची शीव तोंडपाठ असायची ती महाराला. वादात तो पुढे चालायचा आणि त्याच्या पावलांना मान असायचा. ज्याला गावाबाहेर ठेवलं, त्याच्याच शब्दावर गाव कुठं संपतं ते ठरायचं.

मग साखळी आली. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं आणि पुढच्या दशकांत मुंबई इलाख्याच्या पद्धतीनं इथली मोजणी झाली. त्या पद्धतीची शंकू-साखळी 33 फुटांची. इंग्लंडात एडमंड गुंटरनं 1620 च्या सुमारास 66 फुटांची साखळी रूढ केली होती, तिची ही बरोबर निम्मी. पण इथं तिचे भाग पाडले रुपयासारखे, सोळा आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तुकडा म्हणजे गुंठा, 1089 चौरस फूट. असे चाळीस म्हणजे एकर. आजोबांच्या आठवणीतली हद्द अशी आण्यांत मोजून कागदावर चढली.

कागदावर चढताना तिची रुंदी गेली, आणि माझ्या मते खरी गोम तिथं आहे. नकाशावर रेघ असते. वावरात असतो पट्टा: गवत, बोरीचं झुडूप, एखादा निंब, सापाचं बीळ, जायची पायवाट. दोघांच्या मधलं ते कुणीच पेरत नाही, म्हणून ते दोघांनाही आपलं वाटतं. अडीच एकराचं चौरस वावर घ्या, एक बाजू 330 फूट. शेजाऱ्याचा वखर दरसाल नऊ इंच आत सरकला, तर पाचव्या वर्षी पुरता गुंठा गेला. नऊ इंच म्हणजे वीत. वितीसाठी कोण भांडतं म्हणून पहिली चार वर्षं माणूस गप्प बसतो, आणि पाचव्या वर्षी काठी काढतो. बैल निदान झुडपाला बिचकायचे. ट्रॅक्टर झुडपासकट जातो.

कायद्याला मात्र हा पट्टा ठाऊक आहे. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत सीमाचिन्हाच्या व्याख्येत दगडाबरोबर न नांगरलेला वरंबा आणि जमिनीची पट्टीही येते. म्हणजे धुरा कोरणं हे गोटा उपटण्याच्याच जातीचं, आणि सीमाचिन्ह बिघडवणाऱ्याला कलम 145 प्रमाणे दंड आहे. धुऱ्यावरून वाट मागायची तर कलम 143, तहसीलदाराकडे. हद्दच पक्की करायची तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज. निकाल पटला नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी. मोजणी फक्त हद्द दाखवते. गेलेला गुंठा हातात येत नाही, त्यासाठी वेगळं दार ठोठावावं लागतं. एकमेकांची जमीन बारा वर्षं उलटसुलट कसणाऱ्यांसाठी 2023 पासून सलोखा योजना आहे: हजार रुपये मुद्रांक, हजार रुपये नोंदणी, आणि अदलाबदल कागदावर. तिला दोघांची राजीखुशी लागते, तीच महाग.

मोजणीच्या दिवशी लगतच्या सगळ्यांना नोटीस गेलेली असते. भूकरमापक रोव्हरचा दांडा रोवतो, वरच्या उपग्रहांना विचारून घेतो आणि म्हणतो, "इथं." तिथं खुंटी ठोकतात. दोघे शेजारी दोन बाजूंनी वाकून खुंटीकडं बघतात. त्यातला म्हातारा जरा वेळानं विचारतो, "साहेब, खुंटी तं समजली. पण धुरा किती सोडाचा?"