हायड्रॉलिक प्रेस: घरी बनवावा की विकत घ्यावा?

पॉवर टिलरचे किंवा मिरकरवाड्यातल्या बोटीच्या इंजिनाचे बेअरिंग घट्ट बसले, की हातोड्याने ठोकून शाफ्टच खराब होतो. तिथे प्रेस लागतो. लहान पिस्टनने तेल दाबायचे, मोठा पिस्टन टनांनी जोर देतो, एवढेच त्याचे काम.

घरी बनवणारे बहुतेक २० टनी बॉटल जॅक आणि भंगारातले चॅनल घेतात. जॅकवर लिहिलेले २० टन जॅकचे असतात, चौकटीचे नव्हेत. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस खाल्लेला चॅनल रंग मारून नवा दिसतो, पण आतून पातळ झालेला असतो. वेल्डिंग सुटले किंवा पिन तुटली तर तुकडा गोळीसारखा येतो. साधा बॉटल जॅक उलटा टांगला तर तेल ओढत नाही. तो सरकत्या पट्टीवर सरळच उभा करायचा, पट्टी परत वर खेचायला दोन बाजूंना स्प्रिंगा.

वेल्डिंगचा हात पक्का असेल आणि वर्षाला दोन-चार बुशच काढायचे असतील तर घरचा चालेल, तोही नव्या चॅनलचा. रोजचे गिऱ्हाईक असलेल्या गॅरेजवाल्याने मात्र दाबाचा काटा असलेला तयारच घ्यावा.

कुठलाही असो, बेअरिंग शाफ्टवर चढवताना जोर आतल्या कड्यावर द्यावा, खोबणीत बसवताना बाहेरच्या. आणि डोळ्यांवर चष्मा हवा, समोर उभे राहू नये.