'प्रयोगशील' मुंबईत, 'ग्रामीण' जळकोटात? : रोजच्या जगण्याच्या कवितेचा थोडा इतिहास

नेट-सेटची तयारी करताना तुम्ही एक तक्ता पाठ केला असेल. साठोत्तरी, दलित, ग्रामीण, नव्वदोत्तरी. कोणता कवी कोणत्या प्रवाहात, एवढं जुळवलं की गुण मिळतात. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. पण संशोधनाचा विषय ठरवायला बसलात की हाच तक्ता आडवा येतो. त्यातला एकच प्रश्न आज घेऊ. रोजच्या जगण्याची कविता मुंबईत लिहिली की ती 'प्रयोगशील' आणि जळकोटात लिहिली की 'ग्रामीण', हे ठरलं कसं?

रोजचं जगणं कवितेत आलं कधी?

तसं ते जुनंच आहे. जनाबाईच्या अभंगांत दळण-कांडण आहे. पण तिथे ते काम विठ्ठलापाशी नेऊन पोचवतं. कुठेच न पोचणारा, नुसताच रेटत राहणारा दिवस मराठी कवितेत ठळकपणे आणला तो बा. सी. मर्ढेकरांनी. 'काही कविता' 1947 चा. योगायोग बघा, फ्रान्समध्ये आंरी लफेव्हर या विचारवंताचा 'रोजच्या जीवनाची चिकित्सा' करणारा पहिला खंडही 1947 मध्येच आला. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पण यंत्र, गर्दी आणि घड्याळ यांनी माणसाचा दिवस बदलला होता, हे दोन्हीकडे जाणवत होतं.

पुढची पायरी लघुअनियतकालिकांची. 1950 च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे सायक्लोस्टाइल करून काढलं. अशोक शहाणे यांचं 'असो' 1960 च्या दशकातलं. इथे तंत्राकडे नीट लक्ष द्या. छापखाना आणि संपादक यांच्याशिवाय अंक निघू शकतो, हे कळलं आणि काय छापण्यालायक आहे हे 'सत्यकथा'सारख्या मासिकांनीच ठरवायचं, हा दंडक सैल झाला. बोलीतलं, शिवराळ, किरकोळ वाटणारं सगळं कवितेत यायला वाट मिळाली. 1972 मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, 1977 मध्ये 'अरुण कोलटकरच्या कविता'. 1991 च्या आर्थिक धोरणांनंतर टीव्ही, मॉल, ब्रँडची नावं, ईएमआय हे सगळं कवितेत शिरलं. 'अभिधानंतर', 'शब्दवेध', 'खेळ' यांसारख्या अंकांतून हेमंत दिवटे, सलील वाघ, मन्या जोशी, वर्जेश सोलंकी वाचकांपर्यंत पोचले. त्यांच्या पिढीला आपण नव्वदोत्तरी म्हणतो.

मग मराठवाडा मागेच राहिला होता का?

असं लिहिण्याआधी थांबा. 1948 पर्यंत आपला भाग निजामाच्या राज्यात होता आणि शिक्षणात उर्दूचं वर्चस्व होतं. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय 1950 मध्ये सुरू झालं, मराठवाडा विद्यापीठ 1958 मध्ये. म्हणजे मराठीतून शिकून बाहेर पडलेली पहिली मोठी पिढी साठच्या दशकात लिहायला लागली. आणि त्याच दशकाच्या शेवटी औरंगाबादेतून भालचंद्र नेमाड्यांचं 'वाचा' आणि गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' निघत होतं. उशिरा सुरुवात होऊनही मराठवाडा त्या चळवळीच्या ऐन मध्यात होता. हा मुद्दा तक्त्यात दिसत नाही, कारण तक्ता गावांचा नसून प्रवाहांचा आहे.

लेबल कुठून चिकटलं?

सत्तरीनंतर ग्रामीण साहित्याची चळवळ उभी राहिली. तिची गरज होती, तिने खूप दिलं. पण तिचं वेगळं संमेलन झालं, अभ्यासक्रमात वेगळं प्रकरण झालं, आणि हळूहळू एक वाईट सवय लागली. शहरी कवितेची ओळख आपण तिच्या रूपावरून करतो, गावातल्या कवितेची तिच्या विषयावरून. इंद्रजित भालेराव यांचा 'पीकपाणी' (1989) किंवा श्रीकांत देशमुख यांचा साहित्य अकादमी पुरस्कार (2017) मिळालेला 'बोलावे ते आम्ही' हातात घेतला की आपण लगेच शेतकऱ्याच्या दुःखावर बोलू लागतो. ओळ कुठे तुटते, बोलणारा कोण, क्रियापद कोणत्या काळात आहे, हे विचारत नाही.

भाषेचं उदाहरण घ्या. मुंबईच्या कवीने मराठीत हिंदी-इंग्रजी मिसळली की तो 'भाषिक प्रयोग'. आता जळकोट-उदगीर पट्टा बघा. पलीकडे कर्नाटक आणि तेलंगणा, बाजारात दखनी, कानडी, तेलुगू कानावर पडते. इथल्या कवीने तीच मिसळ कागदावर आणली की आपण म्हणतो, 'बोलीचा वापर'. कृती तीच आहे, नुसतं नाव बदललं. आणि नाव बदललं की पाठ्यपुस्तकातलं पान बदलतं, संशोधनाचा मार्गदर्शकही बदलतो.

'रोज' म्हणजे काय?

मला यातला सर्वांत मोलाचा प्रश्न हा वाटतो. लफेव्हरची मांडणी उचलून इथल्या कवितेला लावू नका. त्याच्या डोळ्यांपुढे ठरावीक कामाचे तास आणि सुट्टीचा दिवस असलेला आठवडा आहे. कोरडवाहू गावात दिवस तसा चालत नाही. आठवडी बाजार, मृगाची वाट, एसटीची वेळ, सोयाबीन-तुरीचा आडतीतला भाव, यांवर तो चालतो. शहरात रोज तेच घडतं म्हणून माणूस कंटाळतो. इथे उद्या काय घडेल हे माहीत नसतं, म्हणून तो वाट पाहतो. एप्रिल 2016 आठवा. मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली. त्या उन्हाळ्यात घागर भरणं हे रोजचं कामही होतं आणि बातमीही. अशा ठिकाणी 'रोजचं' आणि 'अघटित' यांतली सीमा पुसली जाते.

यावरून एक गृहीतक मांडता येईल : शहरी कविता वस्तूंच्या याद्या करते, इथली कविता थांबते, वाट पाहते. ते खरं असेलच असं नाही. पण ते तपासता येतं, आणि संशोधनाला तेवढं पुरतं.

तपासायचं कसं?

एक, दहा-दहा कविता घ्या आणि कवीचं नाव-गाव झाकून वाचा. वस्तू, क्रियापदं, काळ, बोलणारा यांची नोंद करा, लेबल शेवटी लावा. दोन, नांदेडच्या पी. विठ्ठल यांच्यासारखे कवी या विभागणीत कुठेच नीट बसत नाहीत. त्यांना अपवाद म्हणून वगळू नका, सुरुवातच तिथून करा. तीन, संग्रहांवर थांबू नका. महाविद्यालयांचे वार्षिकांक, स्थानिक दैनिकांचे दिवाळी अंक, कविसंमेलनांच्या पत्रिका शोधा. प्रत्येक अंकावरचा मुद्रक, गाव, किंमत आणि तारीख लिहून ठेवा. कविता कोणत्या वाटेने कुठे पोचली, हे त्या चार ओळींतूनच कळतं.

2022 मध्ये उदगीरला अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं. त्याचा इतिहास लिहायला पुष्कळ कागद उपलब्ध आहेत. पण जळकोटातल्या एखाद्या शिक्षकाने वीस वर्षांपूर्वी स्वखर्चाने काढलेल्या सोळा पानी अंकाची बहुधा एकच प्रत उरलेली असते, तीही घरातल्या पेटीत. घर बदलताना ती पेटी रद्दीत जाते. मग आपण पुस्तकात लिहितो की या भागात प्रयोग झालेच नाहीत. म्हणून सुट्टीत गावी जाल तेव्हा आधी ओळखीच्या मास्तरांच्या घरी जा, पेटी उघडायची परवानगी मागा, आणि पानांचे फोटो काढून घ्या.