दयेचा नव्हे, न्यायाचा अर्ज

बंदिवासातला माणूस लेखणी उचलतो ती दयेची याचना करण्यासाठी, असा आपला समज असतो. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या तुरुंगांचा इतिहास वाचताना आम्हांला तो समज सोडून द्यावा लागला.

फ्रेड क्रूझ हा शाळा अर्धवट सोडलेला तरुण १९६१ साली जबरी चोरीबद्दल दीर्घ शिक्षा घेऊन तेथे आला. स्वतःच्या अपिलासाठी तो कायद्याची पुस्तके वाचू लागला आणि मिळालेले ज्ञान सोबत्यांसाठी वापरू लागला. नियमाने ते निषिद्ध होते. एकांतकोठडी वारंवार त्याच्या वाट्याला आली. १९६९ साली टेनेसी राज्यातील एका कैद्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, दुसरी सोय नसताना एका कैद्याने दुसऱ्याला अर्ज लिहून देण्यास मनाई करता येणार नाही.

क्रूझ बौद्ध होता. कॅथलिक, प्रॉटेस्टंट व यहुदी कैद्यांना सरकारी खर्चाने धर्मगुरू मिळतात, बायबल मिळते; आपल्याला मात्र प्रार्थनामंदिर वापरू देत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. तुरुंगखात्याचे तत्कालीन प्रमुख जॉर्ज बेटो स्वतः लुथरन पाळक होते. तक्रारीची दखल घेतलीच पाहिजे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९७२ मध्ये दिला. ज्यांना बायबल मागावे लागत नव्हते, त्या आपल्यासारख्यांनी हे प्रकरण नम्रतेने वाचावे.

त्याच वर्षी डेव्हिड रुईझ या कैद्याने हाताने लिहिलेला अर्ज न्यायालयात दाखल केला. कोठड्यांत दाटी, अपुरे औषधोपचार आणि अधिकाऱ्यांनी नेमलेल्या दांडग्या कैद्यांची इतरांवर सत्ता, असे त्या तुरुंगांचे चित्र होते. सुनावणीत ३४९ साक्षी झाल्या. १९८० साली न्यायमूर्ती विल्यम वेन जस्टिस यांनी ही व्यवस्था घटनाबाह्य ठरविली.

सुधारणा सुखासुखी झाली नाही. दांडग्यांची सत्ता गेली, पण पहारेकरी पुरेसे नव्हते; १९८४-८५ मध्ये कैद्यांच्या टोळ्यांनी रक्त सांडले. न्यायालयाची देखरेख २००२ पर्यंत चालली. रुईझ २००५ साली बंदिवासातच वारला.

या अर्जांत प्रश्न त्यांच्या निर्दोषपणाचा नव्हता. शिक्षा झालेल्या माणसाचेही काही हक्क उरतात, एवढेच त्यांचे म्हणणे होते. तुरुंगात भेटीस जाताना आपण करुणा घेऊन जातो. त्या माणसाची तक्रार ऐकण्याची तयारीही आपण सोबत नेतो काय, हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःलाच विचारीत आहोत.