स्पेनचे नाटो सार्वमत (१९८६)

उत्तर अटलांटिक करार संघटनेत (नाटो) राहावे की नाही, यावर स्पेनमध्ये १२ मार्च १९८६ रोजी घेतलेले सल्लादायी सार्वमत. स्पेन नाटोत आला तो ३० मे १९८२ रोजी, लेओपोल्दो काल्व्हो-सोतेलो पंतप्रधान असताना. समाजवादी पक्षाचा त्याला कडवा विरोध होता. पक्षाची घोषणा होती, ‘ओतान, दे एन्त्रादा नो’. ओतान म्हणजे नाटो. ‘एन्त्रादा’ म्हणजे प्रवेश, पण ‘दे एन्त्रादा’ म्हणजे ‘तूर्तास’ किंवा ‘सुरुवातीला’. त्यामुळे ‘प्रवेश नको’ आणि ‘तूर्तास नको’ असे दोन्ही अर्थ त्या घोषणेत बसत. पळवाट घोषणेतच होती, म्हणायचे.

ऑक्टोबर १९८२ च्या निवडणुकीत सार्वमताचे आश्वासन देऊन समाजवादी नेते फेलिपे गोन्सालेस सत्तेवर आले आणि पुढे त्यांचे मत फिरले. युरोपीय आर्थिक समुदायाचे दार ठोठावताना नाटोतून बाहेर पडणे परवडणारे नव्हते. १ जानेवारी १९८६ रोजी स्पेन समुदायाचा सदस्य झाला. आश्वासन मात्र गळ्यात होतेच. मग मतपत्रिकेवरचा प्रश्न तोलूनमापून लिहिला गेला : सरकारने ठरवलेल्या अटींवर ‘अटलांटिक आघाडी’त राहणे स्पेनच्या हिताचे वाटते का? बदनाम झालेला ‘ओतान’ शब्द त्यात नव्हता. अटी तीन : एकात्मिक लष्करी रचनेत सामील न होणे, स्पेनच्या भूमीवर अण्वस्त्रांना बंदी आणि तेथील अमेरिकी सैन्यात टप्प्याटप्प्याने कपात.

प्रचारात सगळेच उफराटे झाले. नाटोची बाजू घेणाऱ्या मान्युएल फ्रागा यांच्या उजव्या पक्षाने मतदानच करू नका असे सांगितले, तर विरोधाची धुरा कम्युनिस्ट आणि शांतता चळवळीकडे गेली. ‘नको’चा कौल आला तर तो राबवणार कोण, असा सवाल गोन्सालेस यांनी टाकला. चाचण्यांचा कल ‘नको’कडे होता, तरी निकाल उलटा लागला : सुमारे ५९ टक्के मतदान झाले आणि त्यात ‘होय’ला ५२.५, तर ‘नाही’ला सुमारे ४० टक्के मते मिळाली. कोऱ्या मतपत्रिका साडेसहा टक्क्यांच्या आसपास होत्या. कातालोनिया, बास्क प्रदेश, नाव्हारा आणि कॅनरी बेटे यांनी मात्र ‘नाही’ म्हटले.

हरलेल्या डाव्या गटांतून त्याच वर्षी ‘इस्केर्दा उनिदा’ ही आघाडी उभी राहिली. पहिली अट टिकली नाही. १९९६ मध्ये संसदेने लष्करी रचनेत जायला मान्यता दिली आणि १९९९ मध्ये ते पूर्ण झाले. त्यासाठी सार्वमत घेतले नाही. तेव्हा नाटोचे सरचिटणीस होते हाव्हिएर सोलाना, एके काळी स्पेनच्या नाटोप्रवेशाला विरोध करणारे समाजवादी नेते.