गणपती, हत्ती आणि आजीचे अलंकार

मागच्या परीक्षेच्या वेळी मुलीने हिंदीचे पुस्तक पुढे करून विचारले, "बाबा, उपमा आणि रूपक यांत फरक काय?" मला माझी आजी आठवली. नातवाचे कौतुक करताना ती म्हणे, "पोट्टं वाघावानी हाय." ही झाली उपमा, एक वस्तू दुसरीसारखी. जास्तच खूश झाली की म्हणे, "पोट्टं वाघच हाय!" हे रूपक, दोन्ही एकच झाले. मुलीला फरक लगेच कळला. 'वानी' मात्र कळले नाही. तो शब्द तिने ऐकलाच नव्हता.

आपल्या भाषेत हे अलंकार फार जुने आहेत. तेराव्या शतकात गुजरातेतून आलेल्या श्रीचक्रधरस्वामींनी मराठीतून निरूपण केले. त्यांचे ११४ दृष्टांत केसोबासांनी 'दृष्टांतपाठा'त एकत्र केले. त्यातली हत्तीची गोष्ट सर्वांच्या ओळखीची आहे. आंधळे हत्ती चाचपतात. पाय हाती लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटतो, कान लागला त्याला सुपासारखा, सोंड लागली त्याला मुसळासारखा. यातले प्रत्येक बोलणे उपमा आहे, आणि अंशावरून पूर्ण कळत नाही हे पटवणारी सगळी गोष्ट म्हणजे दृष्टांत. खांब, सूप, मुसळ या वस्तू घराघरांतल्याच. केसोबास संस्कृतचे पंडित होते, तरी आचार्य नागदेवांनी त्यांना संस्कृतात लिहू दिले नाही. साध्या म्हाताऱ्या बाया त्या ज्ञानाला मुकतील, ही त्यांची काळजी होती. या पंथाचे रिद्धपूर आपल्यापासून दूर नाही. पांढुर्ण्याहून वरूड, मोर्शी करत तिथे जाता येते.

पुढे १२९० मध्ये ज्ञानेश्वरीच्या आरंभीच ज्ञानदेवांनी गणपतीचे रूपक मांडले. ओंकारातला अकार म्हणजे त्याचे पाय, उकार पोट, मकार मस्तक. सहा दर्शने सहा हात, अठरा पुराणे अंगावरचे दागिने. इथे 'सारखा' नाही. सगळे वाङ्मयच गणेश झाले आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्यासोबत आपण मध्य प्रदेशात राहिलो. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा आणि सौसर मिळून वेगळा जिल्हा झाला. माझे कार्यालयीन काम हिंदीत, मुलांची शाळा हिंदीत. त्यात वाईट काही नाही. उपमा, रूपक ही नावे दोन्ही भाषांत एकच आहेत. पण पुस्तकातली उदाहरणे हिंदीची असतात. मराठी उदाहरणे घरातच मिळतात. बाजारात संत्र्याचा भाव 'पडतो', शेतकऱ्यावर कर्जाचा 'डोंगर' होतो, असे आपण रोज बोलतो आणि तो अलंकार आहे हे लक्षातही येत नाही.

या दहा दिवसांत आरतीनंतर आजी-आजोबांनी नातवंडांना जवळ बसवून हत्तीची गोष्ट आपल्या बोलीत सांगावी, एवढीच विनंती. सांगताना 'सारखा' न म्हणता 'वानी' म्हणावे. पोरे अर्थ विचारतील. विचारू द्यावे.