सीटवर कोण बसणार?

गेल्या दिवाळीत तात्यांनी मला एक काम लावलं. तात्या म्हणजे माझे चुलते. वाळवा तालुक्यात आमची ऊस-सोयाबीनची शेती आहे. जुना ट्रॅक्टर महिन्यातून दोनदा गॅरेजला जायला लागला होता, त्यामुळे ५०-५५ एचपीचा नवा घ्यायचा ठरत होतं. शोरूमवाल्याने दोन कोटेशनं दिली होती. मॉडेल एकच, इंजिन एकच. एक उघडा आणि एक एसी केबिनचा. फरक अडीच लाखांच्या आसपास.

"तू इंजिनेर हाईस. बघून सांग, एवढं पैसं घालण्यासारखं हाय का."

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो, ट्रॅक्टरचा आणि माझ्या डिग्रीचा काही संबंध नाही. पण हे घरच्यांना सांगून उपयोग नसतो. मी एक्सेल उघडलं. एसीला लागणारं जादा डिझेल, हप्ता, रिसेल, काच फुटली तर खर्च, गोठ्याच्या शेडची उंची, बांधावरच्या आंब्याच्या फांद्या. सतरा ओळी झाल्या. उत्तर सरळ होतं: उघडा घ्या.

हे तात्यांना सांगत होतो तेव्हा मामा पायरीवर बसून चहा पीत होते. मामा म्हणजे आमचे ड्रायव्हर. नात्याचे नाहीत, पण मी शाळेत असल्यापासून आमचा ट्रॅक्टर तेच चालवतात. मी विचारलं, "मामा, तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी वर पाहिलंच नाही. पुन्हा विचारलं, तेव्हा मान वळवून उजवा कान पुढे केला आणि म्हणाले, "आं? काय म्हणलासा?"

माझ्या सतरा ओळींत मामा कुठेच नव्हते.

पुण्याला परत आल्यावर मी एक्सेल बाजूला ठेवलं आणि ट्रॅक्टरला केबिन आली कधी, कशी, कुणी मागितली म्हणून, ते वाचायला बसलो. दोन-तीन रात्री गेल्या त्यात.

लोखंडी सीट

हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर १९१७ मध्ये बाजारात आला आणि स्वस्त असल्यामुळे जगभर पसरला. त्याची सीट म्हणजे पोलादी पट्टीवर बसवलेला लोखंडी तवा. ऊन, पाऊस, धूर, सगळं अंगावर. पण त्याची खरी बदनामी झाली ती वेगळ्या कारणाने. हा ट्रॅक्टर लांबीला आखूड आणि वजनाला हलका होता. नांगर जमिनीत अडकला की मागची चाकं जागच्या जागी थांबायची, इंजिनचा जोर मात्र चालूच. मग तो जोर चाकं फिरवायच्या ऐवजी ट्रॅक्टरचं तोंडच वर उचलायचा. ट्रॅक्टर मागे उलटायचा आणि खाली ड्रायव्हर. नंतर कंपनीने मागच्या मडगार्डना लांब शेपट्या लावल्या, ट्रॅक्टर उचलला तर त्या जमिनीला टेकाव्यात म्हणून.

ऊसवाहतुकीचे रील्स तुम्ही पाहिले असतील. मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या, चढ, आणि पुढची चाकं हवेत. खाली कमेंटमध्ये आगीचे इमोजी. तिथे जे घडतं ते हेच भौतिकशास्त्र आहे. चाकं उचलल्यापासून ट्रॅक्टर परत न येण्याच्या कोनात जायला एक सेकंदही लागत नाही. क्लच दाबायचा निर्णय मेंदूकडून पायापर्यंत पोचेपर्यंत खेळ संपलेला असतो.

१९३८ ची चैन

पहिली नीट बंद केबिन मात्र सुरक्षेसाठी आली नाही. अमेरिकेतल्या मिनियापोलिस-मोलिन या कंपनीने १९३८ मध्ये यूडीएलएक्स नावाचा ट्रॅक्टर काढला. लोक त्याला कम्फर्टट्रॅक्टर म्हणत. बंद केबिन, हीटर, रेडिओ, सिगारेट लायटर. रस्त्यावर ताशी ४० मैलांपर्यंत पळायचा. कल्पना अशी की शेतकऱ्याने दिवसा नांगरावं आणि संध्याकाळी त्यातूनच बायकोला घेऊन गावात जावं.

खपले जेमतेम दीडशे. महाग होता हे एक कारण. दुसरं कारण मला ओळखीचं वाटलं. शेतात काम करणाऱ्याने काचेआड बसून रेडिओ ऐकायचा, हे लोकांना पटलंच नाही. थंडी वाजली तर इंजिनच्या बाजूंनी कॅनव्हास बांधायचा आणि इंजिनचीच ऊब अंगावर घ्यायची, एवढं पुरे होतं. "सवय हाय" हे उत्तर फक्त आपल्याकडचं नाही.

स्वीडनचा दांडा

खरा बदल अमेरिकेत नाही, स्वीडनमध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे घोडे जाऊन ट्रॅक्टर आले आणि उलटलेल्या ट्रॅक्टरखाली माणसं मरू लागली. तिथल्या यंत्रतपासणी संस्थेने प्रश्न फार साधा केला: ट्रॅक्टर उलटला तरी ड्रायव्हरभोवती माणूस मावेल एवढी जागा शिल्लक राहिली पाहिजे. मग त्यांनी सीटभोवती पोलादी चौकट बसवली, वजनदार लोलक झोकून तिच्यावर आदळला आणि ती किती वाकते ते मोजलं. १९५९ पासून स्वीडनमध्ये नव्या ट्रॅक्टरवर अशी चौकट किंवा केबिन सक्तीची झाली. पुढे जुन्या ट्रॅक्टरनाही लावली. तीसेक वर्षांत ट्रॅक्टर उलटून मरणाऱ्यांची संख्या तिथे जवळजवळ शून्यावर आली. ट्रॅक्टर उलटायचे थांबले नव्हते. माणसं वाचत होती.

हे वाचून मी लॅपटॉप मिटला.

मी आठवीत असताना आमच्या वस्तीजवळ कालव्याच्या भरावावरून एक ट्रॅक्टर घसरून उलटला होता. चालवणारा पोरगा विशीतला होता. आदल्याच आठवड्यात त्याने आम्हा तिघाचौघांना मडगार्डवर बसवून शाळेपर्यंत सोडलं होतं. सगळं गाव जमलं होतं. जेसीबी यायला वेळ लागला. त्यानंतर कितीतरी दिवस मोठी माणसं एकच वाक्य बोलत होती: नशिबात होतं. मीही तेच धरून मोठा झालो.

तो अपघात झाला तेव्हा स्वीडनच्या कायद्याला पन्नास वर्षं होत आली होती.

या चौकटीला आज रोप्स म्हणतात. सीटच्या मागे उलट्या यू आकाराचा जो जाड दांडा दिसतो, तो. त्याच्यासोबत पट्टा लागतोच, कारण पट्टा नसेल तर माणूस चौकटीच्या बाहेर फेकला जातो आणि तोच दांडा अंगावर येतो. आणि उलटंही खरं आहे: दांडा नसलेल्या ट्रॅक्टरवर पट्टा बांधू नये. आपल्याकडे बऱ्याच ट्रॅक्टरवर जे फायबरचं किंवा पत्र्याचं छत असतं ते फक्त सावलीसाठी असतं. ट्रॅक्टर उलटला तर ते कागदासारखं चेपतं.

फुकट दिलं तरी

जॉन डिअर कंपनीने १९६६ मध्ये अमेरिकेत रोप्स विकायला काढला आणि त्याचं पेटंट इतर कंपन्यांसाठी मोफत खुलं केलं. आमच्या भाषेत सांगायचं तर ओपन सोर्स केलं. तरीही गिऱ्हाईक फारसं मिळालं नाही. पर्याय म्हणून ठेवलेली सुरक्षा लोक विकत घेत नाहीत. त्याच पैशात मोठा नांगर येतो.

मग कायदा आला. २५ ऑक्टोबर १९७६ नंतर बनलेल्या आणि पगारी कामगार चालवणार असलेल्या ट्रॅक्टरवर रोप्स सक्तीचा झाला. 'पगारी' हा शब्द महत्त्वाचा. मालक स्वतः किंवा त्याचा मुलगा चालवत असेल तर हा नियम लागू नव्हता. छोट्या शेतांवर अंमलबजावणीही होत नव्हती. शेवटी १९८५ पासून तिथल्या कंपन्यांनीच आपणहून नव्या ट्रॅक्टरवर तो कायमचा बसवायला सुरुवात केली. पर्यायांच्या यादीतून काढला, तेव्हाच तो सगळ्यांपर्यंत पोचला.

डबा आणि कान

ब्रिटनची गोष्ट जास्त गमतीची आहे, आणि मामांच्या कानापर्यंत येणारी आहे. तिथे १९७० पासून नव्या ट्रॅक्टरवर सुरक्षा केबिन किंवा चौकट सक्तीची झाली. कंपन्यांनी घाईघाईने पोलादी चौकटीवर पत्रे आणि काचा ठोकून केबिनी दिल्या. माणूस चेंगरण्यापासून वाचला. पण इंजिनचा आवाज त्या पत्र्याच्या डब्यात घुमायला लागला, आणि उघड्या सीटपेक्षा कानांचे हाल वाढले. एक बग दुरुस्त करताना दुसरा तयार झाला, हे आमच्या धंद्यात रोजचं आहे. इथे तो बग माणसाच्या कानात होता.

म्हणून १९७६ मध्ये दुसरा नियम आला: ड्रायव्हरच्या कानाशी आवाज ९० डेसिबलच्या वर जाता कामा नये. त्यातून 'क्यू कॅब' आली. क्यू म्हणजे क्वाएट, शांत. अमेरिकेत जॉन डिअरने त्याआधीच, १९७२ मध्ये, साउंड-गार्ड नावाची केबिन आणली होती. चौकट, शांतता आणि एसी-हीटर हे सगळं मुळापासून एकत्र आखलेलं.

उघड्या ट्रॅक्टरवर रोटर जोडून भार दिला की आवाज सहज ९० च्या वर जातो. ड्रायव्हर उजव्या खांद्यावरून मागे अवजाराकडे बघत राहतो, त्यामुळे डावा कान इंजिनाकडे होतो. ट्रॅक्टर चालवणाऱ्यांचा डावा कान आधी जातो, हे अनेक देशांत दिसलेलं आहे. आणि आपल्याकडे इंजिनवर मात करायला वरून टेप लावलेला असतो. मामांचा टेप इतका मोठा का असतो, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. त्यांना तो तेवढाच ऐकू येत असणार.

तोच ट्रॅक्टर, दोन देश

फोर्ड ३६०० हे नाव जुन्या लोकांना विचारा, डोळे चमकतील. १९७५ च्या सुमारास आलेला हा ट्रॅक्टर ब्रिटनमध्ये क्यू कॅब लावून विकला जात होता. फरिदाबादला एस्कॉर्ट्सने बनवलेला ३६०० आपल्याकडे उघडाच फिरला.

याला फक्त कंजुषी म्हणता येणार नाही. युरोपातल्या शेतकऱ्याला केबिन हवीशी वाटण्याचं आणखी एक कारण होतं: थंडी आणि पाऊस. सुरक्षेसोबत ऊब मिळत होती. आपल्याकडे मे महिन्यात एसीशिवायची काचेची केबिन म्हणजे भट्टी. म्हणजे आपल्याला केबिन हवी तर एसीसकट हवी, आणि तेवढे पैसे तेव्हा कुणाकडे होते? त्यात ड्रायव्हरची मजुरी स्वस्त. आणि मडगार्ड! उघड्या ट्रॅक्टरवर बायका रानात जातात, पोरं शाळेत जातात, डबा येतो, पाहुणा येतो. केबिनमध्ये एकटा ड्रायव्हर.

पण दांड्याला ना एसी लागतो, ना काच. युरोपात दांडा केबिनच्या पोटात गेला. आपण केबिन परवडत नाही म्हणून नाकारली, आणि तिच्यासोबत दांडाही नाकारला गेला. हे वाचल्यावर मला कोटेशनमधली चूक कळली. केबिन ही एक वस्तू नाही. तिच्यात तीन वस्तू आहेत: चौकट, शांतता आणि हवा. इतिहासात त्या एकामागून एक आल्या आणि त्या सुट्याही घेता येतात.

हवेचंही सांगतो. एसी म्हणजे फिल्टर नव्हे. फवारणीतलं विष अडवण्यासाठी केबिन किती बंद हवी, फिल्टर कसला हवा, याची युरोपात २००९ पासून चार पायऱ्यांची वर्गवारी आहे. विषारी वाफेपासूनही वाचवते ती फक्त चौथी पायरी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यांच्या पाठीवर पंप होते, ट्रॅक्टर नव्हते. पण नाकातोंडात काय जातं हा प्रश्न तोच आहे, आणि थंड हवा हे त्याचं उत्तर नाही.

अठरावी ओळ

संक्रांतीला गावी गेलो आणि या वेळी आधी मामांकडे गेलो, त्यांच्या उजव्या बाजूला बसलो.

"मामा, केबिन पाहिजे का?"

"मला इचारतोयस?" ते हसले. मग बराच वेळ गप्प बसले. "गारवा नगं. रोटर कुठं अडकला ते ऐकाय येत न्हाई काचंत. पर धुरळा लई जातो दादा. आन कालव्याच्या कडंनं जाताना अजून बी पोटात गोळा येतो."

तो पोरगा मामांचा चुलतभाऊ होता. हे मला माहीत होतं आणि एक्सेल करताना आठवलंही नव्हतं.

आम्ही उघडाच घेतला, पण रोप्स आणि पट्टा असलेला. शोरूमवाल्याला तो वेगळा मागवावा लागला, तीन आठवडे जास्त लागले. "त्यो दांडा कशाला, फांद्यात अडकतोय," असं तो दोनदा म्हणाला. तात्या एकदा डळमळले. मी त्यांना कालव्याची आठवण दिली. पुढे ते काही बोलले नाहीत. इअरमफ आणि धुळीचा मास्क मी पुण्याहून नेले. अडीच लाख वाचले, ते मी जिंकलो असं अजिबात वाटत नाही. पुढच्या खेपेला कदाचित केबिनच घ्यावी लागेल, कारण मामांचा उजवा कान अजून शाबूत आहे आणि मफ ते दिवसभर घालतील याची मला खात्री नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर ट्रॅक्टर दाखवत होते. पट्टा सीटच्या मागे खोचलेला दिसला.

"मामा, पट्टा?"

"दिवसातनं पन्नास येळा उतराय लागतंय रं."

"कालव्याच्या कडंला तरी."

ऐकू आलं नसेल असं वाटून मी पुन्हा म्हणणार होतो. तेवढ्यात त्यांनी हात मागे नेला, पट्टा ओढून काढला आणि फोन पोराकडे दिला.