सुरांमागची माणसे

वर्धापन दिनाच्या अंकात आपण दरवर्षी संतांची व थोर स्त्रियांची चरित्रे वाचतो. यंदा विषय थोडा निराळा आहे. लग्नाच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत बँडवाले जी जुनी उडती गाणी वाजवितात, त्यांत सी. रामचंद्र यांची दोन-चार तरी असतातच. ती गाणी ज्यांनी घडविली त्यांतील दोघांची ही हकिगत. एकाने आपले आत्मचरित्र लिहिले, दुसरा न लिहिताच गेला.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १९१८ साली नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा. पुण्यात विनायकबुवा पटवर्धन यांच्या हाताखाली ते गाणे शिकले. नट व्हावे म्हणून सिनेमात आले, पण नशिबाने पेटीपुढे बसविले. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा कंपनीत पेटी वाजवीत असतानाच त्यांनी चाली बांधण्याचे काम शिकून घेतले. तेथून मास्टर भगवान यांच्याशी मैत्री जुळली. भगवान म्हणजे गिरणी कामगाराचा मुलगा, आपल्याच वस्तीतला. ‘सुखी जीवन’ (१९४२) या चित्रपटापासून ही जोडी गाजू लागली.

दुसरे गृहस्थ आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गाव गोव्यातील हळदोणे. लोक त्यांना चिक चॉकलेट या नावानेच ओळखत. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य होते. तेथे चर्चच्या शाळेत मुलांना अक्षरांबरोबर सुरांचे लेखनही शिकवीत. आपल्याकडे गवयाचा मुलगा ऐकून शिके, तर तिकडचे पोर कागदावर पाहून वाजवी. गावात पोट भरेना, म्हणून अशी कितीतरी मुले मुंबईस आली आणि धोबीतलावच्या बाजूस गावकऱ्यांच्या कुडांत राहून काम शोधू लागली.

काम कोठे मिळे? एक तर मूकपटांच्या थिएटरात, पडद्यापुढे बसून वाजविण्याचे. पण १४ मार्च १९३१ रोजी आपल्या गिरगावातील मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट लागला आणि थिएटरातील वादकांची गरज संपत गेली. दुसरे काम मोठ्या हॉटेलांत साहेबलोकांच्या नाचासाठी वाजविण्याचे. तेथे जाझ नावाचे संगीत आले. अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांनी न्यू ऑर्लीन्स शहरात ते वाढविले. त्यात धून ठरलेली असते, पण प्रत्येक वादक आपली पाळी आली की मनाने तिला फुलवितो. आपल्या बैठकीतला गवई बंदिश घेऊन ताना घेतो, तसेच काहीसे. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा अमेरिकन काळ्या वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. असे वादन ऐकून गोव्याची मुले ती तऱ्हा शिकली. चिक हे तुतारीसारखे ट्रंपेट वाजवीत आणि लुई आर्मस्ट्राँग या थोर अमेरिकन वादकाच्या धर्तीवर घोगऱ्या आवाजात गातही. पुढे ताजमध्ये त्यांचा स्वतःचा बँड होता. त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

स्वातंत्र्य आले. साहेबलोक गेले. १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला आणि हॉटेलांतील रात्रीची वर्दळ कमी झाली. मात्र दादरच्या रणजित, परळच्या राजकमल अशा स्टुडिओंमुळे सिनेमाचा धंदा जोरात होता. वादकांचे पाय तिकडे वळले.

तेथे काम कसे चाले, हे समजून घेण्याजोगे आहे. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल म्हणून दाखवी. त्याला बहुधा विलायती पद्धतीचे सुरांचे लेखन येत नसे. गोव्याचा साहाय्यक ती चाल कागदावर उतरवून घेई, व्हायोलिनने काय वाजवावे, ट्रंपेटने कोठे उठावे, दोन कडव्यांमध्ये कोणता तुकडा यावा, हे ठरवी आणि प्रत्येक वादकापुढे त्याचा कागद ठेवी. सारे वादक व गायक एकदमच वाजवीत-गात. एकाची चूक झाली तर सर्वांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

चिक चॉकलेट असे रामचंद्रांचे साहाय्यक होते. ‘समाधी’ (१९५०) मधील ‘गोरे गोरे’ आणि भगवानदादांचा ‘अलबेला’ (१९५१) हे त्याच काळातले. ‘अलबेला’त चिक व त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. ‘आशा’ (१९५७) मधील ‘ईना मीना डीका’ या गाण्यात कोकणीतले ‘माका नाका’, म्हणजे ‘मला नको’, हे शब्द एका गोवेकर वादकाकडून आले, असे सांगतात. स्वतःच्या नावावर चिक यांना चित्रपट थोडेच मिळाले. ‘नादान’ (१९५१) हा त्यांपैकी एक. १९६७ साली ते वारले.

रामचंद्र केवळ उडत्या चालींचे नव्हते. ‘अनारकली’ (१९५३) त्यांचाच. कवी प्रदीप यांचे, जवानांच्या आठवणीचे जे गीत लताबाईंनी २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंपुढे गायिले, त्याची चालही त्यांचीच. १९७७ साली त्यांनी ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र लिहिले आणि १९८२ साली ते गेले.

दोघांचे कष्ट एकाच गाण्यात मुरलेले. पण एकाचे आयुष्य त्याच्या स्वतःच्या शब्दांत मराठीत उरले. दुसऱ्याचे मात्र पुढे इतरांना आठवणी विचारून आणि जुनी कात्रणे जमवून गोळा करावे लागले. रामचंद्रांचे श्रेय यात उणे होत नाही. चाल त्यांची होती, धाडस त्यांचे होते. पण चाल सुचणे आणि ती साठ हातांकडून एका वेळी वाजवून घेणे, ही दोन कामे आहेत, आणि तबकडीवर नाव पहिल्याचेच छापले जाई. अँथनी गोन्साल्विस यांचेच पाहा. १९२७ साली गोव्यात माजोर्डे येथे जन्मलेले हे व्हायोलिनवादक प्यारेलाल यांचे गुरू. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यात शिष्याने गुरूचे नाव घातले. ते नाव देशभर झाले, पण या नावाचा खरा माणूस आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होते. २०१२ साली ते वारले.

भगिनींनो, आपल्या घरांतही असेच घडते. समारंभ पार पडला की व्यासपीठावरची नावे उरतात. पहाटे उठून शंभर पानांचा स्वयंपाक करणारी, हळदीकुंकवाच्या याद्या लिहिणारी, भजनाला साथ धरणारी बाई वहीत कोठेच नसते. थोरांची आत्मचरित्रे अवश्य वाचावीत, पण वाचताना त्यांच्या मागे कोण कोण वाजवीत होते हेही विचारावे. आणि आपल्या मंडळाच्या वहीत पदाधिकाऱ्यांच्या नावांखाली दोन ओळी अधिक लिहून साथ करणाऱ्यांची नावे नोंदवावीत. त्याला फक्त एक पेन्सिल लागते.